बटण नसलेलं घर

"येत्या शुक्रवारपासून आमच्या घरात बटणाला कुणी हात लावणार नाही!"

गुरुलिंगने हे कंपाउंडच्या भिंतीवरून इतक्या मोठ्यांदा जाहीर केलं की शेजारच्या उमादेवींच्या हातातली शेंग खाली पडली. थंडीचे दिवस होते. अंगणात बाजेवर बसून त्या आमटीसाठी ओली तूर सोलत होत्या.

"का हो? शॉक बसायलाय का?" त्यांनी काळजीने विचारलं.

"शॉक कसला, वैनी! बटणंच राहणार नाहीत. माणूस खोलीत आला की दिवा आपोआप लागणार, माणूस गेला की आपोआप बंद! आणि सगळे एलईडी! वीज लागेल न लागेल एवढीच. लातुरात असं घर दुसरं नाही!"

उमादेवींनी शेंग उचलली, तिच्यावर फुंकर मारली आणि म्हणाल्या, "शिल्पाला पटलं का हे?"

"म्हणजे काय! सगळं सांगितलंय तिला," गुरुलिंग म्हणाला.

आणि तो खोटं बोलत नव्हता. निदान त्याला तसं वाटत नव्हतं.

हे खूळ आलं होतं नांदेडहून. लातुरात शिकवण्यांच्या भागात गुरुलिंगचं वह्या-पेनांचं दुकान होतं. माल बघायला तो नांदेडला गेला होता, परतीच्या गाडीला दोन तास होते, म्हणून समोर दिसलेल्या ऊर्जा बचतीच्या मेळाव्यात जाऊन बसला. बसला तो मुळात चहा मिळेल या आशेने. आत मंडप काळोखा केलेला आणि एक चष्मेवाले गृहस्थ त्यात फेऱ्या मारत होते. ते जिथे पाऊल टाकत तिथला दिवा लागे आणि मागचा हळूच विझे. "माणूस तिथे उजेड!" गृहस्थ म्हणाले. "रिकाम्या खोलीत जळणारा दिवा कुणाच्याच कामाचा नाही. आणि जुना बल्ब तर उजेड कमी देतो, तापतोच जास्त!" बाकीची मंडळी चहाच्या किटलीकडे बघत होती. गुरुलिंग मात्र जागच्या जागी हरवला. त्याला मंडपात ते गृहस्थ दिसेनातच. त्याला तिथे अव्वा चालताना दिसत होती.

अव्वा म्हणजे त्याची आई, गौरम्मा. वय शहात्तर. उदगीरजवळच्या गावात एकटी राहायची. गेल्या पावसाळ्यात सांजेच्या अंधारात दिव्याचं बटण चाचपडताना ती पडली आणि दूध घालणारी बाई येईपर्यंत तासभर तशीच जमिनीवर होती. गुरुलिंगला हे चार दिवसांनी, तेही परक्या माणसाकडून कळलं. तेव्हापासून जेवता जेवता त्याचा घास हातात राहायचा. त्याने हजारदा विनवलं असेल, "अव्वा, आता माझ्याकडे ये. कायमची ये."

"मला काय झालंय? माझं मी बघते," हे तिचं ठरलेलं उत्तर.

खरं कारण वेगळं होतं. सहा वर्षांपूर्वी ती लातूरला आली होती. गुरुलिंगच्या घरातल्या एकेका बोर्डावर आठ-आठ बटणं! अव्वा दिवा लावायला जायची आणि पंखा गरगरायचा. पंखा बंद करायला जायची आणि दारावरची बेल कोकलायची. तिसऱ्या दिवशी तिने न्हाणीतला दिवा समजून पाण्याची मोटार लावली आणि निवांत वाती वळत बसली. टाकी भरली, वाहिली, पाणी जिन्यावरून गल्लीत गेलं. लातुरात रस्त्यावर तूप सांडलं तर लोक हळहळतील, पाणी सांडलं तर दाराशी जमतात! अख्खी गल्ली कंपाउंडपाशी उभी राहून बघत होती. कुणी काही बोललं नाही, हेच वाईट. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अव्वा गावी गेली, ती गेलीच.

आता मात्र गुरुलिंगने फारच धोशा लावल्यावर ती म्हणाली होती, "पाच दिवस येते. जमलं तर राहते. न्हाई जमलं तर पुन्हा ये म्हणू नको. शपथ घे." गुरुलिंगने शपथ घेतली होती. म्हणजे सगळं या पाच दिवसांवर होतं.

म्हणून नांदेडहून परतताना एसटीच्या खिडकीला डोकं टेकवून त्याने डोळे मिटले आणि घर उभारायला सुरुवात केली. बाहेर करडईची शेतं मागे पळत होती, सूर्य कलला होता. लोहा येईपर्यंत घरातले जुने बोर्ड निघाले होते. अहमदपूरला अव्वा दारात उभी होती. ती पाऊल टाकत होती आणि तिच्या पुढे पुढे उजेड होत होता, स्वयंपाकघरात, न्हाणीत, देवघरात. कुठे चाचपडणं नाही, कुठे ठेचकाळणं नाही! चाकूरच्या पुढे त्याने अव्वाला फोन करून सगळं समजावून सांगितलं. अव्वा म्हणाली, "लई शहाणं माझं लेकरू." मग माहेरी गेलेल्या शिल्पाला फोन करून सांगितलं. शिल्पा म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." लातूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा गुरुलिंगचे डोळे पाणावलेले होते.

फोन खिशातच होता. तो बाहेर निघालाच नव्हता.

इथे गुरुलिंगची सवय सांगितलीच पाहिजे. एखादं बोलणं त्याने मनात नीट करून घेतलं की त्याच्या लेखी ते झालं! मनातल्या बोलण्यात समोरचा माणूसही कसा शहाण्यासारखा बोलतो, मध्ये तोडत नाही, नको ते विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने असंच मनातल्या मनात शिल्पाला सांगितलं होतं की रविवारी दुकानदार संघटनेची अकरा माणसं जेवायला आहेत. रविवारी अकरा माणसं आली. घरात दीड भाकरी होती! शिल्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, त्यामुळे तिला एकच गोष्ट पन्नासदा सांगायची सवय होती. एकदाही न सांगता सांगितलं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, ते तिला अजून कळलेलं नव्हतं.

शिल्पा निलंग्याला भाच्याच्या जावळासाठी गेली होती. तेवढ्या चार दिवसांत काम उरकायचं होतं. वायरमन आला भुजंग, मूळ नायगावचा. त्याने छताला वाटीएवढे पांढरे सेन्सर बसवले, एलईडी लावले, जुने बोर्ड काढून भिंतीवर कोऱ्या पट्ट्या ठोकल्या.

"अप्पा, एक बटण तरी ठेवून द्या," तो शिडीवरून म्हणाला. "अडीनडीला लागतं."

"एकही नाही!"

"बरं, माणूस हलायचा थांबला की किती वेळानं बंद व्हावा? दहा मिनिटं ठेवून राहिलो मी."

"दहा? दहा मिनिटं रिकाम्या खोलीत दिवा जळणार? एक मिनिट ठेव!"

"एक?" भुजंग शिडीवरून दोन पायऱ्या खाली आला. "अप्पा, घरात बायामाणसं हायत, देवधर्म हाय. माणूस काय सारखा नाचून राहिला का घरात?"

पण गुरुलिंगच्या डोळ्यांसमोर तो काळोखा मंडप होता आणि मागचा दिवा हळूच विझत होता. त्याने भुजंगकडे असं काही हसून बघितलं की भुजंगने मुकाट्याने एक मिनिटावर खूण फिरवली.

शुक्रवारी दुपारी अव्वाला घेऊन गुरुलिंग लातुरात पोचला. पाठोपाठ निलंग्याच्या गाडीने शिल्पा आली. चहा झाला, जावळाच्या गप्पा झाल्या. बाहेर ऊन उतरलं, गल्लीतल्या लिंबावर चिमण्यांचा कालवा सुरू झाला आणि घरात सांज शिरली. गुरुलिंग बैठकीतल्या खुर्चीत सरसावून बसला. हा क्षण त्याने एसटीत दहा वेळा पाहिला होता.

अव्वा उठली, देवघराकडे गेली. तिने पाऊल आत टाकलं आणि कोवळा, दुधी उजेड झाला!

अव्वाने लगेच हात जोडले. "शिवा शिवा," ती पुटपुटली. सांजेचा दिवा लागला की त्याला हात जोडायचे, ही तिची जन्माची सवय. मग घरातल्या धाकट्यांनी मोठ्यांच्या पाया पडायचं, ही तिच्या घरची रीत. शिल्पा आली, वाकली, पाया पडली. "औक्षवंत हो," अव्वा म्हणाली. गुरुलिंगचा ऊर भरून आला.

अव्वा स्वयंपाकघरात गेली. तिथे दिवा लागला. अव्वाने हात जोडले. शिल्पा पाया पडली.

अव्वा न्हाणीत गेली. दिवा लागला. तिने बादली खाली ठेवून हात जोडले.

ती परत देवघरात आली. तोवर तिथला विझला होता, तो पुन्हा लागला. पुन्हा हात, पुन्हा शिल्पा!

गुरुलिंग खुर्चीतून हे सगळं बघत होता आणि त्याला गहिवरून येत होतं. बिचारी! लेकाने केलेल्या उजेडाला किती मनापासून हात जोडतेय! शब्दाने बोलत नाही, पण पावलोपावली आभार मानतेय! त्याला वाटलं, आयुष्यात आणखी काय हवं असतं माणसाला. डोळे आपोआप मिटले.

इकडे स्वयंपाकघरात वेगळंच चाललं होतं. अव्वा पाटावर बसून लसूण सोलू लागली. शिल्पा पलीकडे ओट्याच्या कोपऱ्यात भाकऱ्या थापत होती, तिथवर सेन्सरची नजर पोचत नव्हती. लसूण सोलताना माणसाची बोटं हलतात, माणूस कुठे हलतो? मिनिटभरात दिवा बंद! अव्वा दचकून मान वर करी, की लागे. लागला की हात जोडणं आलं. हात जोडले की शिल्पाला परात सोडून येणं आलं. पिठाच्या हातांनी पाया पडता येत नाही, म्हणून आधी हात धुणं आलं. सातव्या भाकरीपर्यंत शिल्पा अकरा वेळा वाकली होती आणि अव्वाच्या लसणाच्या चार पाकळ्या झाल्या होत्या.

आता दोघीही जुन्या वळणाच्या, शिवाय पहिला दिवस. समोरासमोर कोण बोलणार? अव्वाच्या मनात आलं, सून कुठूनतरी दिवा घालवतेय आणि मी हलले की लावतेय. शिल्पाच्या मनात आलं, सासूबाई कुठूनतरी दिवा घालवून पुन्हा लावतायत, मला पाया पडायला लावायला. दोघींनी एकमेकींकडे बघून गोड हसून घेतलं.

अव्वा हळूच उठून बैठकीत आली. तिथे काळोख होता. ती शिरताच दिवा लागला, हात जोडून झाले आणि ती लेकाच्या कानाशी वाकली. "गुरु, ह्यो दिवा सारखा का बंद करायल्यात रे तुमच्या घरात?"

गुरुलिंग स्वप्नातून अर्धाच बाहेर आला. "वीज वाचते ना अव्वा!" तो आनंदाने म्हणाला. "एक मिनिटही जास्त नाही जळू द्यायचा!"

म्हाताऱ्या माणसाला लसूण सोलण्यापुरताही उजेड न देण्याची ही तऱ्हा अव्वाने आजवर पाहिली नव्हती. ती आत गेली.

थोड्या वेळाने शिल्पा कंबरेवर हात ठेवून आली. "अहो, आत्याबाई सारखा दिवा लावतायत. किती वेळा वाकू मी?"

"लागू दे गं! तिच्यासाठीच तर केलंय सगळं!" गुरुलिंग म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की शिल्पाला पुढे बोलवेना. म्हणजे मायलेकरांनी मिळून ठरवलंय तर! ती आत गेली आणि उरलेल्या भाकऱ्या तिने अशा थापल्या की शेजारी उमादेवींना वाटलं, यांच्याकडे धुणं चाललंय.

तिघेही जेवायला बसले. जेवणभर कुणी बोललं नाही. गुरुलिंगला ती शांतताही तृप्तीची वाटली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, शिल्पाची सकाळची शाळा. अजून उजाडायचं होतं. अव्वा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून देवघरात बसली होती. गळ्यातलं इष्टलिंग काढून तिने डाव्या तळहातावर घेतलं आणि नजर लावली. लिंगपूजेत तिच्या पापणीलाही हलायची परवानगी नव्हती. बोलायचं नाही, उठायचं नाही, इकडेतिकडे बघायचं नाही. पंचेचाळीस वर्षं ती अशी बसत आली होती आणि त्या अर्ध्या तासात गावाकडे कोंबडासुद्धा जरा हळू आरवतो, असं तिचं म्हणणं होतं.

मिनिटभराने दिवा गेला.

अव्वा काळोखात तशीच बसून राहिली. मग विभूतीसाठी तिने उजवा हात उचलला. दिवा आला. दोन्ही हात जोडायची सवय, पण डाव्या तळहातावर लिंग! तिने उजवाच हात कपाळाला लावला. पुन्हा नजर लावली. पुन्हा दिवा गेला. असं आठ वेळा झालं. नवव्यांदा काळोख झाला आणि नेमकी तेव्हाच शिल्पा पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आली. दिवा लख्ख लागला. दारात शिल्पा उभी!

अव्वाने पूजा पुरी केली. लिंग गळ्यात घातलं. मग उठून कोपऱ्यातली पिशवी ओढली आणि तिच्यात लुगडं घालू लागली.

"आत्याबाई, हे काय?"

"शिल्पा, माझं राहणं तुला जड होत असंल तर तोंडानं सांग. मी एका शब्दानं वाईट वाटून घेणार न्हाई. पर लिंगपूजेतला दिवा कुणी बंद करत असतंय का गं?"

"मी बंद केला?" शिल्पा तांब्यासकट आत आली. "कालपासून माझी कंबर मोडली तुमच्या पाया पडून! तुम्ही घडीघडीला दिवा लावताय आणि..."

"म्या लावायले? मला ह्या घरात बटणच सापडंना!"

"मला तरी कुठं सापडलं? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे कुठंय ते!"

आवाज ऐकून गुरुलिंग तोंडात ब्रश घेऊन धावत आला. अव्वाची पिशवी बघून तो उंबऱ्यातच थिजला. "अव्वा, कुठे निघालीस?"

"गावाला. जमलं न्हाई. तू शपथ घेतलीस, आता ये म्हणू नको."

अव्वा पिशवीवर हात ठेवून उभी. शिल्पा तांब्या छातीशी धरून उभी. गुरुलिंगच्या हातात ब्रश आणि तोंडातून फेस ओघळत होता, तो पुसायचंही त्याला भान नव्हतं. तिघं नुसती एकमेकांकडे बघत राहिली. मिनिट झालं.

दिवा गेला!

काळोखात अव्वाचा आवाज आला, "आता कुणी बंद केला?"

"मी तर हललेसुद्धा नाही!" शिल्पा म्हणाली.

"मी पण न्हाई."

"म्हणूनच गेला!" गुरुलिंग ओरडला आणि त्याने दोन्ही हात असे वर फेकले की ब्रश देव्हाऱ्यावर जाऊन पडला. दिवा लागला. मग त्याने चूळ भरून सगळं सांगितलं. छतावरची ती वाटी दाखवली. माणूस हलला की दिवा लागतो, थांबला की एका मिनिटात जातो, बटण नाहीच, कुणी बंद करत नाही, कुणी लावत नाही.

दोघींनी वर बघितलं, मग एकमेकींकडे बघितलं, मग गुरुलिंगकडे. हे शेवटचं बघणं जरा जास्त वेळ टिकलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" शिल्पाने विचारलं.

"सांगितलं की! तुम्हा दोघींना! शिल्पा, तू तर म्हणालीस, तुम्ही म्हणाल तसं."

"मी? असं म्हणाले?" शिल्पाला आपल्या तोंडी हे वाक्य ऐकून दिव्यापेक्षा जास्त धक्का बसला. "कधी?"

"त्या दिवशी... नांदेडहून येताना... चाकूरच्या पुढे..."

"चाकूरला मी कधी होते?"

गुरुलिंगने आठवून बघितलं. करडईची शेतं आठवली, खिडकीची थंडगार काच आठवली, अव्वाचा मायेचा आवाज आठवला. फोन मात्र कुठे आठवेना. त्याचे कान हळूहळू तापू लागले.

"आणि काल मी विचारलं, तर म्हणालास वीज वाचते!" अव्वा म्हणाली.

"आणि मला म्हणालात, त्यांच्यासाठीच केलंय!" शिल्पा म्हणाली.

आणि मग शिल्पाच्या ओठाचा कोपरा हलला. अव्वाच्या पोटातून एक गुरगुर निघाली. दोघी अशा हसत सुटल्या की दिवा जायचं नावच घेईना! शिल्पाने अव्वाच्या खांद्याला धरलं, अव्वाने पदराने डोळे पुसले. "अकरा वेळा वाकली गं पोरगी!" "आणि तुमच्या चार पाकळ्या, आत्याबाई!"

हसू ओसरल्यावर अव्वा पुन्हा वर बघत राहिली. "म्हणजे मी पूजेला बसले," ती सावकाश म्हणाली, "तर ह्याला वाटलं, हितं माणूसच न्हाई."

गुरुलिंगला कुणीतरी चिमटा काढावा तसं झालं. ज्या माणसासाठी एवढा खटाटोप केला, तेच माणूस त्या दिव्याला दिसलं नव्हतं.

"मी आजच भुजंगला बोलावतो, अव्वा. पिशवी ठेव."

"पिशवी असू दे भरलेली. पाच दिवस म्हणले हाय, पाच दिवस राहते. मग बघू."

भुजंग आला. काही न बोलता शिडी लावून दहा मिनिटांवर खूण फिरवून गेला. देवघरापुरती अव्वाने पूजेला समई घेतली. सांजेचा प्रश्नही तिने सोडवला. "सांजेचा पहिला दिवा, त्यो खरा. त्याला हात जोडायचे. बाकीचं नुसतं उजेड," असं तिने जाहीर केलं आणि शिल्पाच्या कंबरेने सुटकेचा निःश्वास सोडला. लसूण सोलताना अव्वा शेजारी सूप ठेवू लागली. मध्येच एकदा सूप हलवायचं, पुढची दहा मिनिटं उजेड! शिल्पा वह्या तपासताना पाय हलवू लागली. दोघी बोलताना इतके हातवारे करत की स्वयंपाकघर कायम झगमगत असे. काय बोलत असतील, ते मात्र गुरुलिंग आला की थांबत असे.

दिवस मात्र जात होते. अव्वा राहते म्हणत नव्हती, जाते म्हणत नव्हती. कोपऱ्यातली पिशवी भरलेलीच होती. दुकानात वह्यांच्या गठ्ठ्यामागे बसून गुरुलिंग तिला काय सांगायचं ते जुळवत राही. एकदा गिऱ्हाइकाने दोनदा पेन मागितलं, तरी त्याला ऐकू गेलं नाही.

पाचवी सांज झाली. उद्या सकाळची उदगीरची गाडी. गुरुलिंग दुकानातून लवकर आला आणि बैठकीतल्या खुर्चीत बसला. आज बोलायचंच, त्याने ठरवलं होतं. खिडकीबाहेर आभाळाला जांभळट रंग चढला होता, लिंबाची पानं हलत नव्हती. अव्वा, तो मनात म्हणू लागला, तू पडलीस त्या दिवशी मी दुकानात हसत होतो, चहा पीत होतो. मला ठाऊकच नव्हतं. ते मला सहन होत नाही. मनातली अव्वा ऐकत होती. तो तिला तिच्या गावच्या विहिरीबद्दल सांगत होता, लहानपणी ती त्याला कडेवर घेऊन संध्याकाळी दिवा दाखवायची त्याबद्दल सांगत होता. इतकं सुंदर बोलणं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. खुर्चीत तो बोटही हलवत नव्हता. कधीतरी दहा मिनिटं झाली आणि बैठकीतला दिवा हळूच गेला. त्याला कळलंही नाही.

मागच्या दाराने उमादेवी वाटीभर तूर घेऊन स्वयंपाकघरात आल्या. "कोण कोण हाय घरात?"

"या की! आम्ही दोघीच हाव," अव्वा म्हणाली.

"गुरुलिंग अप्पा आले न्हाईत अजून? चप्पल तर दिसली दारात."

शिल्पाने वाकून बैठकीकडे बघितलं. तिथे काळोख होता. "असतील तिथंच," ती म्हणाली. "लग्नाला वीस वर्षं झाली. माणूस घरात असूनही नसतो, हे मला कळायला पाच वर्षं लागली. त्या दिव्याला पाच दिवसांत कळलं!"

उमादेवी खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "गौरम्मा, उद्या जाणार म्हणं तुम्ही?"

काळोखात गुरुलिंगने कान टवकारले. मनातली अव्वा गप्प झाली. आतली बोलू लागली.

"जाणार होते," अव्वा म्हणाली. सूप हलवल्याचा आवाज आला. "मला वाटलं होतं, लेक मला सांभाळायला बोलवायलाय. मी कशाला कुणाकडून सांभाळून घिऊ? माझं मी बघते. पर पाच दिवस ह्याला बघितलं. जेवताना हितं नसतंय, बोलताना हितं नसतंय. फोन लावल्याबिगर फोनवर बोलतंय! शिल्पाची नोकरी, ती कुठं कुठं पुरंल? दिव्यालासुद्धा दिसत न्हाई माझं लेकरू. असल्याला सोडून कशी जाऊ, सांगा! शिल्पा, ती पिशवी मोकळी करून टाक गं."

गुरुलिंगला वाटलं, धावत जावं, अव्वाच्या पायांवर डोकं ठेवावं, म्हणावं की हेच, अगदी हेच मला हवं होतं. ते सगळं त्याने मनात एकदा नीट म्हणून घेतलं. मग एकदम भानावर येऊन तो उठला.

बैठकीत लख्ख उजेड झाला.

"आला वाटतं," अव्वा आतून म्हणाली, आणि शिल्पाने चहाच्या आधणात आणखी एक कप पाणी घातलं.